जुई रडत नव्हती

मला टीबी झाला होता. हे पहिल्याच ओळीत लिहून मोकळी होते, कारण आमच्या घरात तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. शेजाऱ्यांना न्यूमोनिया सांगितला, माहेरी अशक्तपणा, आणि नवऱ्याच्या मित्रांना "तिचं जरा छातीचं आहे" एवढंच. एका बाईला तीन आजार, आणि खरा चौथाच. नऊ महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाले, अंगावर मांसही चढलं. आता तर नवरा चिडवतो की तेव्हाच बारीक होतीस.

त्या आजारावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलंच आहे. मी लिहितेय ते माझ्या मुलीबद्दल, जुईबद्दल. आजार माझा, पण त्यातलं जास्त दुखणं तिच्या वाट्याला गेलं. आणि ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही, कारण ती रडत नव्हती. एवढ्याशा पोरालाही मन असतं आणि तेही आजारी पडतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमचं एक वर्ष वाचलं असतं. मूल दुसऱ्याच्या घरी ठेवून औषधं घेत बसलेली कुणी बाई हे वाचत असेल, तिच्यासाठी लिहिते.

कळलं तो दिवस

आम्ही टेमघरला राहतो. इमारतीच्या मागेच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आहे, दिवसरात्र खडखडाट. पाहुणे आले की ओरडून बोलतात, आम्ही नेहमीच्या आवाजात बोलतो. मी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये पार्सल स्कॅनिंगला होते. जुई आठ महिन्यांची झाल्यावर पुन्हा ड्युटी धरली होती. खोकला सुरू झाला तेव्हा खोक्यांची धूळ म्हणून सोडून दिला. वजन उतरलं तेव्हा सोबतच्या बायका म्हणाल्या, पोर पितंय, उतरणारच. मलाही बरं वाटलं, लग्नातले ब्लाउज पुन्हा बसायला लागले होते.

रिपोर्ट आला तेव्हा जुई अकरा महिन्यांची होती आणि माझ्या मांडीवर बसून ओढणीचं टोक चोखत होती. डॉक्टर शांतपणे सांगत होते. बाळाची तपासणी करू, तिला खबरदारीचं औषध देऊ, तुम्ही मास्क लावा, दूध पाजायला हरकत नाही, सुरुवातीचे थोडे आठवडे जपा. हे सगळं मी आज सांगू शकते कारण त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. त्या दिवशी माझ्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. आजाराचं नाव ऐकल्याबरोबर मी जुईला मांडीवरून उचललं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, महेशच्या हातात दिलं. तिला वाटलं खेळ आहे. ती हसली आणि दोन्ही हात माझ्याकडे केले.

मी घेतलं नाही. आजवर मला सगळ्यात जास्त काय टोचतं म्हणाल तर ते दोन हात.

झोपेतच नेली

आमच्याकडे एक पद्धत आहे. मोठं माणूस बाहेर निघालं की लहान पोराला सांगायचं नाही. "तो बघ काऊ" करून त्याची मान फिरवायची आणि चपला हातात घेऊन सटकायचं. माझे वडील शिफ्टला असेच जायचे, महेश तसाच जातो, मीही ड्युटीला तशीच जायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट पोराचं रडणं वाचवलं, म्हणून ती मायाच धरतात.

माझ्या छातीत पाणी झालं होतं, त्यामुळे ॲडमिट व्हावं लागणार होतं. आदल्या दिवशी गावाहून माझी मोठी जाऊ आली, भारतीताई. पडघ्याच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे ती, थोरले दीर, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आणि दोन म्हशी. ताईने आल्या आल्या पदर खोचला.

"पोर मी नेते. तू तुझी बरी हो," ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात मास्क लावून..." मी म्हटलं.

"डॉक्टरला काय जातंय बोलाला! त्याच्या घरात हाय का पोर? झोपली का मला सांग, उचलून नेते. जागी नेली त रडंल."

मी वाद घातला नाही. मलाही भीतीच होती की माझ्या श्वासाने तिला काही होईल. मी मास्क लावून जुईला पाजलं, आणि खोटं कशाला बोलू, ती लवकर झोपावी म्हणूनच पाजलं. ती पिता पिता झोपली. ताईने तिला माझ्या कुशीतून हलकेच काढलं, गोधडीत गुंडाळलं आणि महेशच्या मागे गाडीवर बसून गेली. जुईची तपासणी झाली, औषध सुरू झालं, तिच्या छातीला काही नव्हतं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण तिच्या बाजूने बघा. ती झोपली तेव्हा आई होती. उठली तेव्हा आई नव्हती, घर नव्हतं, लूमचा आवाजसुद्धा नव्हता. हे मला कळायला वर्ष लागलं.

वॉर्ड

सकाळी सहाला झाडू, मग रिकाम्या पोटी गोळ्या, मग नाश्ता येईपर्यंत मळमळ. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिचा मुलगा लूमवर होता. ती मला दटावायची, "रोना है तो दवाई से पहले रो ले बेटी, बाद में रोएगी तो उल्टी होगी." मी तिचं ऐकायचे. गोळ्यांच्या आधी पंधरा मिनिटं रडायची माझी वेळ ठरून गेली होती. वॉर्डबॉय यायचा, मला बघायचा आणि पुढच्या खाटेवर जायचा.

दूध येतच होतं. जुईच्या भुकेच्या वेळा माझ्या अंगाला पाठ होत्या. दहा वाजले की छाती भरून यायची, गाऊन ओला व्हायचा, आणि पिणारी पडघ्याच्या पुढे. मी बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायचे. चार-पाच दिवसांनी ते कमी झालं, मग आटलं. ते आटलं त्या दिवशी माझ्या अंगाने तिची आशा सोडली असं मला वाटलं आणि मी गोळ्यांनंतरही रडले. म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं.

व्हिडिओ कॉल करायचो. पहिल्या आठवड्यात जुई फोनवर मला बघून हात मारायची, फोन चाटायची, मग फोन बंद झाला की किंचाळायची. आठव्या-नवव्या दिवशी ताई म्हणाली, "आता फोन नको करूस गो. तुला बघते नि मंग दोन दोन तास रडते, दूध पन घेत न्हाय. तिच्यासमोर तुझा नावच काढाचा न्हाय, असा ठरवलाय आम्ही."

मला ते पटलं. माझ्यामुळे ती रडते तर मी दिसू नये. किती सरळ हिशोब होता तो, आणि किती चुकीचा.

गुणाची पोर

तीन आठवड्यांनी मी घरी आले. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून भीती नाही, बाळाला आणा. पण अंगात उभं राहायची ताकद नव्हती, महेशची ड्युटी होती, आणि घरातल्या कुणाचाच डॉक्टरवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. अजून एक महिना जाऊ दे, मग पाऊस आहे, मग लावणी आहे, मग आता लागलीय ती तिथे, कशाला हलवायची. असे सात महिने गेले. टेमघरहून आमचं गाव गाडीवर पाऊण तासाचं आहे. हे मी लिहिते आणि मलाच लाज वाटते.

फोनवर बातम्या छान यायच्या. "लय गुनाची झालीय. रडत म्हणून न्हाय. कुनाकडं पन जाते. पडली तरी उठते आपली आपन." महेश खूश व्हायचा. मीही सगळ्यांना तेच सांगायचे, आमची जुई किती समजूतदार आहे. आणि फोन ठेवला की वाटायचं, मला सोडून ती इतकी बरी कशी आहे?

एकदा राहवलं नाही. महेशला म्हटलं, नुसती लांबून बघते, तिला दिसणार नाही. ताईच्या घरासमोर रस्त्यापलीकडे पेंढ्याची उडवी होती, तिच्या आड उभी राहिले. महेश गाडीपाशी थांबला. जुई ओट्यावर बसली होती. चालायला लागली होती म्हणे, पण चालत नव्हती. हातात एक वाटी होती आणि ती वाटी ओट्यावर ठेवत होती, उचलत होती, पुन्हा ठेवत होती. तिचे केस वाढले होते, कुणीतरी लाल रबर लावून शेंडी बांधली होती. गाय आली, गेली. पोस्टाची गाडी गेली. तिने मान वर केली नाही. तेवढ्यात आतून ताईची मोठी मुलगी आली आणि हाक मारली, "आई, जुईला भरव गो." ताई ताट घेऊन आली. जुईने तिच्याकडे बघून म्हटलं, "आई."

त्या घरात सगळे ताईला आईच म्हणतात. तीही म्हणणार. मला ते डोक्याने कळत होतं. पण पाय तिथून हलेनात. मला धावत जाऊन तिला उचलायचं होतं, तिच्या मानेचा वास घ्यायचा होता. मी पेंढ्यात तोंड खुपसून खोकले आणि परत आले.

परत आणली

दिवाळीनंतर जुईला आणलं, दीड वर्षाची असताना. आणि आम्ही तिला कशी आणली असेल? झोपेत. ताईच्या मांडीवरून उचलून. "रडंल" म्हणूनच. ताई आत चुलीपाशी जाऊन बसली, बाहेर आलीच नाही.

घरी आल्यावर जुई रडली नाही. भिंतीला टेकून बसली. मी पुढे बसून म्हटलं, "जुई, मी कोण? सांग, मी कोण?" तिने माझ्याकडे बघितलं, रिक्षातल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं, आणि वाटी उचलली.

पुढचे पंधरा दिवस मी तिचा पिच्छाच पुरवला. "आई म्हण. आ-ई." खाऊ दाखवून, बाहुली दाखवून, ताईचा फोटो लपवून. ती जेवायची, झोपायची, कडेवर घेतलं की लाकडासारखी ताठ व्हायची. रडायची मात्र नाही. शेजारच्या रुबीना भाभी कौतुक करायच्या, "कितनी सीधी बच्ची है, आवाज़ ही नहीं." मला वाटायचं, ताईने तिला काहीतरी भरवलंय माझ्याविरुद्ध. जावा जावा नि उभा दावा म्हणतात ते उगाच नाही, असं मी महेशला म्हटलंसुद्धा. जिने माझी पोर सात महिने सांभाळली तिच्याबद्दल. माणूस तोंडाला येईल ते बोलतो.

सुई

दीड वर्षाच्या लसीला तिला आरोग्य केंद्रात नेलं. रांगेत सगळी पोरं आकांत करत होती. आमचा नंबर आला. नर्सताईने मांडीत सुई टोचली. जुईने सुईकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे. बस. मी अभिमानाने म्हटलं, "ती रडत नाही. गुणाची आहे."

नर्सताईने कापूस दाबून धरला आणि मला म्हणाली, "बाई, हे चांगलं लक्षण न्हाय. पोराला टोचलं की ते आधी आईकडं बघतं, मग रडतं. हिनं तुमच्याकडं बघितलंच न्हाय. ही कुठं होती इतके दिवस?"

मी सांगितलं. मागची रांग ओरडत होती, तरी तिने ऐकून घेतलं. एका चिठ्ठीवर मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम कधी बसतात ते लिहून दिलं. मी घरी येऊन ती चिठ्ठी डब्याखाली ठेवली. माझी पोर वेडी आहे का? पण दोन दिवस डोक्यात तेच फिरत राहिलं, की हिने तुमच्याकडे बघितलंच नाही.

डॉक्टर मॅडम

मॅडम खुर्चीत बसल्याच नाहीत. जमिनीवर चटई होती, तिच्यावर बसल्या. जुईने वाटी बरोबर आणली होती, तिचा उपद्व्याप चालू होता. मॅडमनी दुसरी वाटी घेतली आणि तिच्यासारखीच ठेवली. जुईने उचलली, त्यांनी उचलली. दहा मिनिटं हेच. मी मनात म्हटलं, यासाठी मी सुट्टी घ्यायला लावली नवऱ्याला. मग जुईने वाटी ठेवायची थांबवली, मान वर केली आणि मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. आमच्या घरी आल्यापासून तिने कुणाच्या तोंडाकडे इतका वेळ बघितलं नव्हतं.

मग त्या माझ्याशी बोलल्या. त्या म्हणाल्या, तिने रडून बघितलं, आई आली नाही. पुन्हा रडून बघितलं. मग रडणं सोडून दिलं. तुम्ही म्हणता शहाणी झाली, मी म्हणते तिने हाक मारणं बंद केलं. मग एक दुसरी आई मिळाली, तिच्यावर जीव टाकायला लागली, तर तीही झोपेतून उठल्यावर गायब. आता ती कुणावर जीव टाकेल?

"म्हणजे मी काय करू?" मी विचारलं. मला वाटलं एखादं टॉनिक देतील.

"आधी जाऊबाईंना बोलवा."

मला आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. "त्यांना बोलावलं तर ही माझी होणारच नाही कधी," मी म्हटलं, आणि तिथेच रडायला लागले.

मॅडम म्हणाल्या, "ती कुणाची तरी असेल, तरच तुमची होऊ शकेल. एक माणूस हरवत नाही, एवढं तिला आधी कळू द्या." आणि आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रोज अर्धा तास तिच्याजवळ जमिनीवर बसायचं आणि ती करेल ते बघायचं, शिकवायचं नाही, "मी कोण" विचारायचं नाही. आणि घरातून कुणीही, कितीही वेळासाठी, तिला सांगितल्याशिवाय जायचं नाही.

महेश बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढ्यासाठी डॉक्टर झाल्या? सांगून जा म्हणे. रडल ना मग!"

"रडू दे," मी म्हटलं. "तेच तर पाहिजे."

ताई

शेवटी मी ताईला फोन केला.  ती एवढंच म्हणाली, "म्हशी कोन बघंल?" आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत पिशवी घेऊन दारात उभी.

जुई भिंतीला टेकून बसली होती. ताईला बघून तिचा चेहरा काही हलला नाही. ताई दारातच खाली बसली. जुई उठली, चालत गेली, तिच्या साडीचा पदर मुठीत धरला आणि तशीच उभी राहिली. हसली नाही, रडली नाही. तो पदर तिने संध्याकाळपर्यंत सोडला नाही, ताई मोरीत गेली तर दाराबाहेर टोक धरून उभी. ताई मला म्हणाली, "मी गेलीच कशी आत त्या दिवशी गो. मला बघवत नव्हता म्हणून गेली. हिला काय वाटला असंल."

ताई पंधरा दिवस राहिली. ते पंधरा दिवस मी जळत होते, खरं सांगते. ताई भरवणार, ताई निजवणार, आणि मी अर्धा तास चटईवर वाट्या मोजत. पण घरात तीन माणसं बोलायला लागली तसं जुईच्या तोंडात शब्द यायला लागले. ताई मला दिवसातून पन्नास वेळा "सविता, सविता" हाका मारते. एके दुपारी मी चटईवर बसले असताना जुईने माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाली, "शविता." महेश पोट धरून हसला. मीही हसले. नऊ महिने पोटात वाढवली, आणि पोर मला नावाने हाक मारते. पण वाटी तिने माझ्या हातात दिली होती.

मग ताईचा जायचा दिवस आला. सकाळी उठून बघते तर तिची पिशवी जागेवर नाही. तिने ती पहाटेच रुबीना भाभींच्या घरी नेऊन ठेवली होती. जुई दूध पीत असताना ती हळूच दाराकडे सरकली, चपला हातात.

"ताई," मी म्हटलं. "पिशवी आणा इथे. तिच्यासमोर."

"मला न्हाय जमनार गो."

"जमवा. तुम्ही नाही सांगितलं तर ती परत तिथेच, भिंतीपाशी."

मी स्वतः जाऊन पिशवी आणली आणि खोलीच्या मधोमध ठेवली. ताई जुईसमोर उकिडवी बसली.  "बाय, मी घरी चालले. म्हशींना पानी द्याचाय. रविवारी फोन करंल. म्हैन्यान परत येल. तू सविताजवल रा." जुईने पिशवीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. ताई उठली, दारातून बाहेर गेली, वळून हात केला, जिना उतरली.

आणि जुई रडली.

काय रडली! खाली गल्लीतून लोकांनी वर बघितलं. "आई, आई, आई" करत तिने दारावर डोकं आपटलं. मी तिला उचलली, तिने अंग टाकून दिलं, लाथा मारल्या, पण लाकडासारखी ताठ नव्हती, सगळी मऊ होती, ओली होती. मी तिला छातीशी धरून खोलीत फेऱ्या घालत होते आणि ती माझ्या कानात दुसऱ्या बाईला हाका मारत होती. कुणीतरी माझ्यासाठी असं रडावं म्हणून मी वर्षभर झुरत होते. मी तिला सांगत राहिले, "हो गं, ताई गेली. फार वाईट वाटतंय ना. येणार आहे ती. मी इथे आहे." अर्ध्या तासाने ती हुंदके देत माझ्या खांद्यावरच झोपली. माझ्या सगळ्या ब्लाउजला तिचा शेंबूड लागला होता, तो मी धुतला नाही दोन दिवस.

नंतर

पी हळद नि हो गोरी, असं काही झालं नाही. ताईचा रविवारचा फोन यायचा, जुई रडायची, आम्ही रडू द्यायचो. ताई महिन्याने खरंच यायची आणि सांगून जायची. मी कचरा टाकायला खाली जाताना सांगायचे, मोरीत जाताना सांगायचे. महेश आधी वैतागला, मग गाडीला किक मारायच्या आधी वर बघून ओरडायला लागला, "जुई, मी चाललो, संध्याकाळी येतो." पूर्ण गल्लीला त्याच्या शिफ्टचं टाइमटेबल पाठ झालं.

जुई रडकी झाली. पाणी सांडलं की रड, चप्पल उलटी पडली की रड. रुबीना भाभी म्हणाल्या, "अरे, पहले कितनी अच्छी थी, अब क्या हो गया इसको?" मी म्हटलं, "भाभी, अब ठीक हो रही है." त्यांना ते कळलं नाही. मला सांगतानाही पूर्ण कळलं नव्हतं.

पण ती मला शविताच म्हणायची. पडली की रडायची, आणि रडत रडत एकटीच बसून राहायची. माझ्याकडे यायची नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ती तुम्हाला तपासून बघतेय, बघू दे. जी बाई आज हे सोसतेय तिला एवढंच सांगते, की ते तपासणं फार लांबतं. गोळ्यांचा कोर्स संपतो, हे संपल्यासारखं वाटत नाही. मूल दूर ठेवायचीच वेळ आली तर जागेपणी ठेवा, रडलं तरी फोनवर दिसत राहा, घरात तुमचं नाव निघू द्या. आणि मूल गुणाचं झालं असं कुणी सांगितलं तर खूश होऊ नका, जाऊन बघा.

जुई दोन वर्षांची झाल्यावर मी पुन्हा कामाला लागले. पहिल्या दिवशी सकाळी तिच्यासमोर बसून सांगितलं, "मी कामाला जाते. तू भाभींकडे राहशील. खालच्या मशिदीची संध्याकाळची अजान झाली की मी येते." तिने ऐकलं आणि खेळत राहिली. त्या दिवशी काल्हेरच्या रस्त्यावर एक ट्रेलर आडवा झाला आणि सगळ्या गाड्या जागच्या जागी. अजान मी रिक्षात बसून ऐकली, दुसऱ्याच मशिदीची. त्यानंतर तासभर रिक्षा हलली नाही.  एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिला दिलेला शब्द मोडला होता.

धावत जिना चढले. भाभींचं दार उघडं होतं. "आपा, कब से दरवाज़े पे खड़ी है, खाया भी नहीं," भाभी म्हणाल्या. जुई उंबऱ्याच्या आत उभी होती. मला बघून तिचा चेहरा तसाच राहिला, पूर्वीसारखा, कोरा.  मी खाली बसले, हात पुढे केले नाहीत, नुसती बसले.

ती चालत आली आणि तिने मला मारलं. दोन्ही हातांनी, छातीवर, तोंडावर, जिथे पोचेल तिथे. तोंड लाल झालं होतं, आणि मग तिला रडू फुटलं. ती ओरडली, "आई गेली! आई गेली!"

भाभी तिला ओढायला पुढे आल्या. मी त्यांना हाताने थांबवलं. "हो गं बाय," मी म्हटलं, "आई गेली होती," आणि तिचं मारून होईपर्यंत तिथेच बसून राहिले.